त्र्याऐंशी सेकंद

साक्री रोडवरच्या दवाखान्यात, तळमजल्याला,
मी डोळ्यांचे फोटो काढते.
चेहरे माझ्या फारसे लक्षात राहत नाहीत.
पडद्यावरच्या शिरा राहतात:
कुणाच्या पांझरेसारख्या पसरट,
कुणाच्या बाभळीच्या शेंड्यासारख्या, अंगावर येणाऱ्या.

सुपडू रंगारी, वय एकाहत्तर, मुक्काम अमळनेर.
उजव्या डोळ्यात, बरोबर मधोमध, डाग.
चौकटींचा कागद पुढे धरला तर म्हणाले,
"ह्या रेघा कोणी पिळून वाळत घातल्या?"
सरळ आहेत, नाना.
"मंग माले वाकड्या काबर दिखतस?"

सिस्टरने कोपराच्या शिरेत पिवळा रंग सोडला.
लघवी दोन दिवस पिवळी होईल, घाबरू नका.
"रंगारीले हाई काय सांगतस!"
दिवा मालवला. दहा-बारा सेकंद काहीच नाही.
मग निळ्या उजेडात
एकेक शीर हिरवी पेटत गेली
आणि मधल्या जागी, जिथे काहीच उगवायला नको होतं,
तिथल्या जाळ्यातून रंग झिरपू लागला,
कच्च्या लुगड्याला पाणी लागावं तसा.
मी काही बोलले नव्हते.
हनुवटी टेकवूनच नानांनी विचारलं,
"सुटला ना रंग?"
सुटला, म्हटलं.

आठवड्याने दुसरा रंग. हा गडद हिरवा.
डॉक्टर समजावत होते:
हा त्या कमजोर शिरांत जाऊन बसतो,
बसतो म्हणजे नुसता निजतो,
लाल उजेड पडला की जागा होतो
आणि त्यांची तोंडं बंद करतो.
नानांनी ऐकून घेतलं.
"पण तो तिथंच का धरेल? तुरटी कोणी लावली तिथं?"
डॉक्टर हसले नाहीत.
"थोडीफार आजारानेच लावलीय," म्हणाले.

नानांना ते पटलं असावं.
सुई लावलेल्या हाताने ते मला सांगत राहिले,
निळीच्या रांजणातून कापड निघतं ते निळं नसतंच,
पिवळंहिरवं असतं, आजारी दिसतं,
वारा लागला की मग...
नाना, आता बोलू नका. हलू नका.

त्र्याऐंशी सेकंद.
मी मोजत होते. ना चटका, ना वास, ना आवाज.
बाहेर कुणाच्या तरी नंबरावरून भांडण चाललेलं.

खरी पंचाईत नंतरची.
अंगभर भिनलाय रंग,
उन्हाला डोळा आणि कातडी यातला फरक कळत नाही.
पाच दिवस ऊन नको.
वैशाखात. खान्देशात. पंचेचाळीस अंशांत.
"पन्नास वर्षं मी उन्हाच्या हातात कापड दिलं,
विचारलं, पक्का की कच्चा.
आता तो मला हात लावून बघणार म्हणता?"
दिवस बुडेपर्यंत त्यांना बाकावर बसवून ठेवलं.
केवळबाईंनी दोन्ही हातांना रुमाल गुंडाळले,
काळा चष्मा चढवला,
आणि रात्रीच्या एस्टीने नवऱ्याला घेऊन गेल्या,
चोरून आणलेल्या सामानासारखं.

चौथ्या दिवशी मी फोन केला.
धाब्यावर बिबडे वाळताहेत, म्हणाले, वास येतो.
दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी येते,
दुपारी खाटेपर्यंत पोचते.
"मी पाय वर घेतो. ती थांबते थोडा वेळ. मग जाते."

तीन महिन्यांनी पुन्हा फोटो.
झिरपणं थांबलं होतं.
डाग तिथेच होता; तो जाईल
असं कुणी कबूल केलंही नव्हतं.
कागदावरच्या रेघा अजून वाकड्या,
"पण पिळा ढिला पडला."

निघताना दारात थांबले,
कोंबडीसारखी मान तिरपी करून
डोळ्याच्या कडेने माझ्याकडे बघितलं.
"तोंड नाही दिसत तुमचं, पोरी. ओढणीचा काठ दिसतो.
लाल ना? कच्चा आहे तो.
मिठाच्या पाण्यात घाल,
बाकीच्या कपड्यांपासून लांब."

तिनशे रुपयांची, नवीकोरी.
दुकानदाराने गॅरंटी दिली होती.
रात्री बादलीत मूठभर मीठ टाकलं, ओढणी बुडवली,
आणि कामाची सवय म्हणून
सेकंद मोजू लागले.
वीसपर्यंतही गेले नाही,
पाणी लाल.